मुद्देमाल शिल्लक आहे का, हे आधी विचारा

पत्र :

"माझा धाकटा भाऊ 2011 च्या नोव्हेंबरमध्ये गेला. भाऊबीजेला माझ्याकडे येऊन गेला होता, त्यानंतर बाराव्या दिवशी. एकोणीस वर्षांचा, डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला. रात्री मित्राकडे जाऊन येतो म्हणून मोटारसायकल घेऊन निघाला तो परतलाच नाही. सकाळी कालव्याच्या कडेला उसाच्या सरीत सापडला. डोक्यावर घाव होते, मोबाइल गायब होता. फिर्याद दादांनी, म्हणजे वडिलांनी दिली. दोन वर्षं हेलपाटे घातले. मग 'अ समरी झाली' एवढंच पोलीस ठाण्यात ऐकलं. दादा 2019 मध्ये गेले. आता तुळशीच्या लग्नानंतर नात्यातल्या एका लग्नात, त्या वेळी कारखान्याला ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टरवर असलेल्या एकाने माझ्या नवऱ्याला बाजूला घेऊन सांगितलं, की त्या रात्री कालव्याच्या पुलावर त्याने गाडी आणि तीन मुलं पाहिली, त्यातल्या एकाला तो ओळखतो. तो मुलगा आज गावातलं मोठं प्रस्थ आहे. आई 71 वर्षांची आहे. ती म्हणते, आता उकरू नको. माझा मुलगा बावीस वर्षांचा आहे. तो म्हणतो, मामाचा व्हिडिओ करून नावानिशी टाकतो. चौदा वर्षांनी आम्हाला कोणी दाद देईल का? मी काय करू?"
– एक बहीण, सांगली जिल्हा

ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि पहिल्यांदा तुमच्या दादांचा विचार मनात आला. दोन वर्षं हेलपाटे घालून त्यांच्या हाती 'अ समरी' हे दोन शब्द पडले आणि त्यांचा अर्थही कोणी नीट सांगितला नाही. म्हणून तिथूनच सुरुवात करते.

आपल्या राज्यात तपास थांबवताना पोलीस कोर्टाकडे जो अंतिम अहवाल पाठवतात, त्याचे वर्ग असतात. 'ब' म्हणजे फिर्यादच खोटी. 'क' म्हणजे खरी-खोटी असं काही म्हणता येत नाही, गैरसमजातून झालं किंवा मामला दिवाणी आहे. आणि 'अ' म्हणजे गुन्हा खरा आहे, पण गुन्हेगार सापडला नाही. म्हणजे तुमच्या भावाचा खून झाला हे सरकारी कागदावर लेखी आहे. अपघात झाला असेल, पोरगा कोणत्या भानगडीत असेल, असं गावात जे कुजबुजलं गेलं असेल (आणि ते गेलंच असेल, मी गावं पाहिली आहेत), त्या सगळ्याला त्या एका अक्षराने उत्तर दिलेलं आहे. दादांना हे कोणी समजावून सांगायला हवं होतं.

दुसरी गोष्ट. खुनाला मुदत नाही. किरकोळ गुन्ह्यांची दखल ठरावीक वर्षांतच घेता येते, खुनाला ते लागू नाही. समरी मंजूर झाल्यावरही नवा धागा मिळाला तर पोलीस पुढचा तपास करू शकतात. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत यासाठी कलम 173(8) होतं, 1 जुलै 2024 पासून आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ते 193(9) आहे. अर्जात शब्द 'पुढील तपास' असाच लिहा. रागाच्या भरात 'फेरतपास करा', 'पहिला तपास रद्द करा' असं लिहू नका. आधीचा तपास पुसून नव्याने करायला लावणं हा वरच्या न्यायालयांचा अधिकार आहे, आणि तुम्हाला तर आधीचा प्रत्येक कागद हवा आहे.

तेव्हा कायद्याचं दार उघडं आहे. दाराच्या आत काय उरलंय, हा खरा प्रश्न आहे.

मी फौजदारी वकिली सुरू करून आठ-नऊ वर्षं झाली असतील तेव्हा एक आई माझ्याकडे आली होती. मुलगी जाऊन नऊ वर्षं झालेली, नवा साक्षीदार पुढे आलेला. अधिकारी भला माणूस होता, त्याने जुनी फाइल शोधून काढली. मुलीची ओढणी जप्त केल्याची नोंद पंचनाम्यात स्वच्छ अक्षरात होती. पण जप्त वस्तू ठेवायच्या खोलीत ओढणी नव्हती. समरी मंजूर झाल्यावर रीतसर अर्ज करून, कोर्टाचा आदेश घेऊन, इतर सामानाबरोबर ती दोन वर्षांपूर्वी जाळून टाकली होती. कोणी लबाडी केली नव्हती. फक्त, 'आम्हाला ती वस्तू हवी आहे, ठेवा' असं सांगणारं कोणी कोर्टापुढे उभं राहिलं नव्हतं. त्या बाईंनी मला विचारलं, "दोन वर्षं आधी आले असते तर?" मला उत्तर देता आलं नाही. तेव्हापासून अशा प्रत्येक घराला मी आधी एकच विचारते : मुद्देमाल आहे का?

मुद्देमाल म्हणजे तपासात जप्त केलेल्या वस्तू, आणि त्यांची अशी विल्हेवाट लावण्याला पोलिसांच्या भाषेत 'मुद्देमालाची निर्गती' म्हणतात. खोल्या भरतात, ठाणं नव्या इमारतीत जातं, मुद्देमाल कारकून बदलतो आणि न सापडलेल्या गुन्ह्यातली गाठोडी आधी बाहेर निघतात. तुमच्या भावाच्या अंगावरचे कपडे, मोटारसायकलच्या हँडलवरचं काही, डोक्यात घातलेला दगड किंवा लोखंड जप्त झालं असेल तर ते, सरीतली माती. 2011 मध्ये प्रयोगशाळेने त्यावरचं रक्त माणसाचं आहे का आणि गट कोणता, एवढंच पाहिलं असण्याची शक्यता बरीच आहे. रक्तगट तर गावात शेकडोंचा एकच निघतो. आज तेवढ्याच डागातून, काही वेळा नुसत्या हाताळल्याच्या खुणेतून, डीएनए मिळू शकतो, आणि तो एखाद्या संशयिताच्या नमुन्याशी ताडून पाहता येतो.

लंडनच्या स्टीफन लॉरेन्सची हकिगत तुम्हाला सांगते. 22 एप्रिल 1993 च्या रात्री एल्थम भागात बसची वाट पाहणाऱ्या या 18 वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलाला गोऱ्या पोरांच्या टोळक्याने भोसकून मारलं. नावं दुसऱ्या दिवसापासून लोकांच्या तोंडी होती, तरी पोलिसांनी वेळ घालवला. 1999 च्या मॅकफर्सन चौकशी अहवालाने लंडनच्या पोलीस दलात वंशद्वेष मुरलेला आहे, असं स्पष्ट म्हटलं. आई डोरीन आणि वडील नेव्हिल वर्षानुवर्षं लढत राहिले. अखेर 2012 च्या जानेवारीत दोघांना शिक्षा झाली. कशावर? एका संशयिताच्या जॅकेटच्या कॉलरमध्ये सापडलेल्या रक्ताच्या ठिपक्यावर. ठिपका होता अर्ध्या मिलिमीटरचा. दुसऱ्याच्या कपड्यांवर स्टीफनचे केस आणि धागे सापडले. ते कपडे 1993 मध्येच जप्त झाले होते, तेव्हा ठिपका कोणाला दिसला नव्हता. कपडे इतकी वर्षं सांभाळलेले होते म्हणून नव्या तंत्राला काहीतरी सापडलं. आणि तरीही बचावाचा सगळा भर याच मुद्द्यावर होता, की एवढ्या वर्षांत पिशव्यांतून रक्त इकडचं तिकडे गेलं असेल. म्हणून सील, लेबल, कोणी कधी पाकीट उघडलं याच्या नोंदी, हे सगळं वस्तूइतकंच महत्त्वाचं. टोळक्यातल्या बाकीच्यांना आजवर शिक्षा झालेली नाही, हेही तुमच्यापासून लपवत नाही.

आता कामाचं. दादांच्या कागदांत एफआयआरची प्रत नक्की असेल, त्यावर गुन्हा रजिस्टर नंबर आहे. तो घेऊन तालुक्याच्या प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांच्या कोर्टात नक्कल अर्ज करा. समरी अहवाल, ती मंजूर केल्याचा आदेश, पंचनामे, मरणोत्तर तपासणीचा अहवाल, रासायनिक विश्लेषकाचा अहवाल, साक्षीदारांचे जबाब, जे जोडलेलं असेल त्याच्या प्रमाणित नकला मागा. तिथे नसेल तर जिल्हा न्यायालयाच्या अभिलेख कक्षात विचारा. त्याच दिवशी दुसरा अर्ज द्या : या गुन्ह्यातला मुद्देमाल सध्या कुठे आहे ते कळवावं आणि आमचं म्हणणं ऐकल्याशिवाय त्याची निर्गती करू नये. याची प्रत पोलीस ठाण्यात आणि पोलीस अधीक्षक कार्यालयात द्या, आणि तुमच्या प्रतीवर आवक क्रमांक व शिक्का घेतल्याशिवाय तिथून हलू नका. या अर्जात ट्रॅक्टरवाल्याचा किंवा पुलावरच्या मुलाचा उल्लेखही नको. तुम्ही फक्त कागद आणि वस्तू मागताय. कोणी सावध होण्याचं कारण नाही.

नकला आल्या की एक गोष्ट आवर्जून शोधा : समरी मंजूर करण्याआधी दादांना कोर्टाची नोटीस बजावली होती का? सर्वोच्च न्यायालयाने 1985 मध्ये भगवंत सिंग प्रकरणात सांगितलं आहे, की पोलिसांचा असा अहवाल मान्य करायचा असेल तर आधी फिर्यादीला कळवून त्याचं म्हणणं ऐकावं लागतं. 'पोलीस ठाण्यात ऐकलं' असं तुम्ही लिहिलंय, तेवढ्यावरून मला शंका येते. नोटीस नसेल, तर तुमच्या वकिलाच्या हातात तो मोठा मुद्दा आहे.

मोबाइलबद्दल मात्र मनाची तयारी ठेवा. कॉलचे तपशील कंपन्यांनी तेव्हा किमान एक वर्ष जपायचा नियम होता, आता तो दोन वर्षांचा आहे. 2011 चं काही त्यांच्याकडे मिळेल अशी आशा धरू नका. तेव्हाच्या तपासी अंमलदाराने मागवून फाइलला लावलं असेल तेवढंच. पण ते लावलं असेल तर त्या कागदाचं मोल आज वेगळं आहे, कारण तेव्हा ज्या नंबरकडे कोणी पाहिलं नाही, तो आज कोणाचा होता हे ट्रॅक्टरवाल्याच्या सांगण्याशी जोडून बघता येईल.

त्या माणसाकडे येते. तुमच्या यजमानांनी त्याला पुन्हा गाठून खोदून विचारलं नसेल, अशी आशा करते. चौदा वर्षांपूर्वी रात्री, हेडलाइटच्या उजेडात, ओझ्याच्या ट्रॅक्टरवरून पाहिलेली तीन माणसं. तो खोटं बोलतोय असं मी म्हणत नाही. पण आठवण दर वेळी सांगताना थोडी बदलते, ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर जे हवंसं दिसतं तिकडे झुकते. तुम्ही चार वेळा विचारलंत, एखादा फोटो दाखवलात, की पाचव्या वेळी तो तुमचीच वाक्यं तुम्हाला परत देईल, आणि उलटतपासणीत वकील त्याला तिथेच गाठेल. यजमानांनी आजच बसून, लग्नात तो जे आणि जसं बोलला ते त्याच्याच शब्दांत लिहून, तारीख घालून ठेवावं. त्याने पुलावर 'मारामारी' पाहिली म्हटलं नसेल, तर तो शब्द तुमच्या कागदावर येता कामा नये.

मग वकिलासोबत थेट पोलीस अधीक्षकांना भेटा आणि हे लेखी द्या. त्या माणसाचा जबाब पोलिसांनी घ्यावा आणि न्यायदंडाधिकाऱ्यांपुढेही नोंदवून घ्यावा अशी विनंती करा. पूर्वीचं कलम 164, आता 183. तो घाबरणार, त्याला त्याच गावात राहायचंय. साक्षीदार संरक्षण योजना 2018 पासून देशभर लागू आहे, त्याखाली त्याला अर्ज करता येतो, हे त्याला पोलिसांनी किंवा वकिलाने सांगावं. तुम्ही त्याच्या घरी जाऊ नका, पैशाची मदत तर मुळीच नको, कितीही गरजेत असला तरी. तपास स्थानिक गुन्हे शाखेकडे द्यावा असंही मागता येईल, कारण 'प्रस्थ' झालेल्या माणसाची गावच्या ठाण्यात उठबस असणार. कुठेच दाद मिळाली नाही तर आधी न्यायदंडाधिकारी, मग उच्च न्यायालय. ऑगस्ट 2025 पासून कोल्हापूरला सर्किट बेंच सुरू झालं आहे आणि सांगली जिल्हा त्यात येतो, त्यामुळे प्रत्येक तारखेला मुंबई गाठायची गरज उरलेली नाही.

एवढं करून निकाल लागेल का? केरळमधली सिस्टर अभया 27 मार्च 1992 ला कोट्टायमच्या कॉन्व्हेंटच्या विहिरीत मृत सापडली. स्थानिक पोलीस आणि गुन्हे शाखा आत्महत्या म्हणाले. सीबीआयने पुन्हा पुन्हा हात टेकले, न्यायालयाने दर वेळी अहवाल परत पाठवला. तिचे कपडे, डायरी सुरुवातीलाच नष्ट झालेलं होतं. 28 वर्षांनी, डिसेंबर 2020 मध्ये दोघांना दोषी ठरवलं, आणि त्यात महत्त्वाचा साक्षीदार होता त्या रात्री तिथे चोरी करायला शिरलेला माणूस. तिचे आई-वडील 2016 मध्येच गेले होते. पुढे 2022 मध्ये केरळ उच्च न्यायालयाने अपिलाचा निकाल लागेपर्यंत शिक्षा स्थगित करून दोघांना जामीन दिला. हे सगळं एकत्र सांगते, कारण 'लढा, न्याय मिळेल' असं तुम्हाला मोघम लिहायला माझा हात धजावत नाही. मिळेल किंवा नाही. माझं मत विचाराल तर तरीही जा. फाइल उघडल्यावर निदान दादांच्या पश्चात तुम्हाला कळेल, की त्या दोन वर्षांत पोलिसांनी काय केलं आणि काय करायचं सोडलं. हे कळण्याचा तुमचा हक्क आहे.

चिरंजीवांना माझा निरोप सांगा. मामा गेला तेव्हा तू आठ वर्षांचा होतास, तुझा राग मला समजतो, पण व्हिडिओ नको. नाव घेतलंस त्या क्षणी तो माणूस वकील गाठेल, तुझ्यावर बदनामीची केस टाकेल, ट्रॅक्टरवाल्याला निरोप जाईल आणि बाकीचे दोघे एकमेकांशी बोलून घेतील. चेहरा सगळीकडे फिरला की ओळख परेडला अर्थ उरत नाही. आणि समजा, पुलावर उभा असलेला तो मुलगा खरंच नुसता उभा होता, किंवा तो तो नव्हताच? मुंबईत 2014 मध्ये एका तरुण इंजिनिअर मुलीचा खून झाला, त्यात एकाला फाशी सुनावली गेली, उच्च न्यायालयातही कायम झाली, आणि जानेवारी 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुरावा पुरेसा नाही म्हणून त्याला निर्दोष सोडलं. दहा वर्षं एक माणूस आत होता आणि त्या मुलीच्या घरच्यांच्या हाती आज कोणाचंच नाव नाही. तुला मामासाठी काही करायचंय ना, तर आईबरोबर नक्कल विभागाच्या रांगेत उभा राहा, आलेला प्रत्येक कागद स्कॅन कर, तारखेवार लाव. तेव्हाच्या घडामोडींची एक वही तयार कर : भाऊबीज, तो दिवस, कोण कधी भेटलं. हे काम वकिलाला सोन्यासारखं आहे.

आणखी एक, जे तुम्ही विचारलं नाहीत. गुन्हेगार सापडलाच नाही आणि खटला उभाच राहिला नाही, तरी मृताच्या घरच्यांना नुकसानभरपाईसाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो. पूर्वीचं कलम 357-अ, आता 396. उशीर झालाय, त्याचं कारण लिहावं लागेल. तिथेच मोफत वकीलही मिळू शकतो, स्त्री म्हणून तुमचा तो हक्कच आहे, उत्पन्न कितीही असो. पैसे घेतले म्हणजे प्रकरण मिटवलं असं होत नाही. आईला हे आधी सांगा, नाहीतर तिला तसं वाटेल.

आईचं सगळ्यात शेवटी लिहिते, पण कराल तेव्हा ते सगळ्यात आधी करा. 'उकरू नको' म्हणणाऱ्या आईला विसर पडलेला नसतो. दादा प्रत्येक हेलपाट्यानंतर घरी येऊन गप्प बसत, ते तिने पाहिलंय. आता लेकीचं तसं होईल, नातवावर कोणी डूख धरेल, ही भीती तिच्या 'नको'त आहे. तिची परवानगी कायद्याला लागत नाही. पण एक दिवस दारात पोलिसांची गाडी उभी राहील, तिचा जबाब घेतील, कदाचित डीएनए ताडून पाहायला तिच्या रक्ताचा नमुना मागतील. ते तिला त्या क्षणी कळता कामा नये. तिच्या शेजारी बसा. पटवायला जाऊ नका. विचारा, की त्या आठवड्यात तो कसा होता, काय खाल्लं, कोणावर चिडला होता, कोणाचे पैसे द्यायचे होते. तेव्हा पोलिसांनी दादांना विचारलं असेल, तुम्हाला विचारलं असेल. स्वयंपाकघरातल्या बाईला कोणी विचारलं होतं का, ते फाइलमध्ये बघा. तिचा जबाबच नसेल तर मला नवल वाटणार नाही.

आणि त्याचं काही तिने ठेवलंय का, तेही विचारा. बहुतेक आया ठेवतात. कॉलेजची बॅग, शर्ट, सिमकार्ड ज्यातून आलं ते पाकीट, वहीच्या मागच्या पानावरचे फोन नंबर. असेल तर धुऊ नका, झटकू नका, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालू नका, आत ओल धरते. कोऱ्या कागदात गुंडाळून, दोन शेजाऱ्यांसमोर यादी करून, सह्या घेऊन ठेवा आणि अधिकाऱ्याने मागितलं तर पावती घेऊनच द्या. हात मात्र आईलाच लावू द्या. इतकी वर्षं ते तिने सांभाळलंय.

नकला हाती आल्या की मला पुन्हा लिहा. गावाचं आणि कोणाचंही नाव न घालता, फक्त मुद्देमालाच्या यादीत काय काय आहे ते.